डागाच्या मधोमध शीर

खरं तर हे लिहायचा मला अधिकार नाही. मेंदूतल्या शिरांबद्दल बोलायचं तर डॉक्टरांनी बोलावं, आणि भूकंपाबद्दल बोलायचं तर ज्यांनी तो भोगला त्यांनी. मी डॉक्टर झालो नाही, आणि भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक हे विचारायलाही घरात कुणी नाही. तरी अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, डोक्याचे ते फोटो निघाले तेव्हा त्या बंद खोलीत मी तिच्यासोबत होतो. आत आम्ही दोघंच होतो. तेवढ्या आधारावर लिहितो. कुठं चुकलं तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव लातूरच्या दक्षिणेला. गावं तशी दोन. जुनं गाव म्हणजे दगडामातीचे ढीग आणि त्यावर माजलेल्या बाभळी. नवं गाव म्हणजे सरळ रेषेत बांधलेली स्लॅबची घरं, एकासारखं एक. मला आठवतं तेव्हापासून आम्ही त्या घरात राहिलोच नाही. पुढं पत्र्याचं शेड होतं, त्यात राहायचो. स्लॅबच्या खोल्यांत तुरीची पोती, सरपण, लग्नातल्या सतरंज्या. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. आमच्याकडं अख्ख्या गल्लीचं तसंच होतं.

गावात माणसांच्या वयाचा हिशोब भूकंपावरून असायचा. अमका भूकंपाआधीचा, तमका नंतरचा. आणि एक तिसरा गट होता: दबलेली माणसं. ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्यांना तसं म्हणायचे. त्यांच्या पुढच्या आयुष्यात जे काही बिघडलं त्याचं कारण शोधायची कुणाला गरज वाटत नसे. कुणाचा गुडघा धरला, कुणाला झोप येईना, कुणाचं पोर पोटात टिकेना. बायका एवढंच म्हणायच्या, "दबलं होतं की गं ते." की बोलणं संपलं.

अक्का दबलेली होती. माझ्याहून बरीच मोठी. भूकंपाच्या वेळी अकरा-बारा वर्षांची असेल. तिच्या शेजारी आमचा भाऊ झोपला होता, तिच्याहून लहान. छताचं मातीचं माळवद खाली आलं. दुपारी लोकांनी दोघांना काढलं. अक्का बोलत होती. तो बोलत नव्हता. पुढं दोनेक वर्षांनी मी झालो, आणि गाव म्हणालं, गेलेला परत आला. अक्का तसं कधी म्हणाली नाही. ती त्याच्याबद्दल काहीच म्हणायची नाही. फक्त दाराला कडी लावून ती कधी झोपली नाही. सासरीसुद्धा नाही. त्यावरून सुरुवातीला बरीच बोलणी खाल्ली तिनं.

तिचं सासर लातूर शहरात. लातुरात तेव्हा डॉक्टर-इंजिनीअर व्हायला पोरांचे लोंढे येत होते. ज्या गल्लीत म्हशी बांधलेल्या असायच्या तिथं क्लासच्या पाट्या लागल्या. ज्याच्याकडं जास्तीची खोली होती त्यानं प्लायवूड ठोकून तिच्या चार केल्या. दाजी आधी एका दुकानात कामाला होते. त्यांनी आणि अक्कानं मेस काढली. मी दहावी झालो आणि त्यांच्याकडंच राहायला आलो. मीही त्या लोंढ्यातला एक.

दाजी बोलायला फार मोकळे. पोरं भाजीला नाक मुरडायची तेव्हा म्हणायचे, "आपल्या डब्यावर निम्मे डॉक्टर झाले बाबांनो. राहिलेले निम्मे आपल्याच डब्यावर नापास झाले. दोष डब्याचा न्हाई."

मी अभ्यासिकेत बसायचो. तिन्ही बाजूंनी लाकडी फळ्या, समोर हाताएवढी ट्यूब. दिवस आहे की रात्र ते कळायचं नाही. मला तिथं जीव घुसमटल्यासारखं व्हायचं, पण ते सांगायचं कुणाला? ज्या घरात अक्का होती तिथं घुसमट हा शब्द मी कसा काढणार. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा दोन वेळा दिली. दोन्ही वेळा नंबर लागला नाही. शेवटी नांदेडला बी.एस्सी. मिळाली, एक्स-रे, सीटी, एमआरआय ही यंत्रं चालवण्याची. दाजी स्टँडवर सोडायला आले. माझं तोंड पाहून म्हणाले, "डॉक्टर न्हाई तर डॉक्टरचा फोटोग्राफर. काय कमी हाय का मेव्हणे?"

अक्काचं दुखणं मी लातुरात असतानाच सुरू झालं होतं. आधी उजव्या डोळ्यासमोर धूर आला. काही आठवड्यांनी तो आपोआप विरला. मग पाय जड पडायला लागला. दिवाळीत कढत पाण्यानं न्हाऊन ती उठली आणि मोरीतच खाली बसली, पाय उचलेनात. अंग गार झाल्यावर चालायला लागली. उन्हाळ्यात भट्टीपुढं उभी राहिली की तसंच. पोळी लाटता लाटता लाटणं निसटायचं. संध्याकाळी वारं सुटलं की बरं वाटायचं. सासू म्हणायची, सोंग करते. गावाकडं आई म्हणायची, दबलं होतं ना लेकरू.

आणि अक्का स्वतः? दवाखान्यात डॉक्टरांनी "काय होतंय?" म्हटलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मी भूकंपात दबले होते." डोळा, पाय, हात हे सगळं त्यानंतर. आमच्या भागात हे ऐकल्यावर डॉक्टरही पुढं खोदून विचारत नाहीत. त्यांचंही कुणीतरी गेलेलं असतं. एका ठिकाणी गुंगी देऊन तिचा एमआरआय झाला. फिल्मवर मेंदूत पांढरे डाग होते. रिपोर्टमध्ये दोन शक्यता लिहिल्या होत्या, जुना मार किंवा नसांचा एक आजार, पण समोर बसलेले मोठे डॉक्टर म्हणाले, "जुन्या माराचे डाग आहेत. आता त्याला इलाज नाही. सांभाळून राहायचं." अक्कानं ते असं मान्य केलं की जणू तिला ते आधीच माहीत होतं. परत येताना रिक्षात म्हणाली, "त्याला एकदमच नेलं. मला थोडं थोडं न्यायलंय."  

नांदेडला माझ्या तिसऱ्या वर्षी आमच्या विभागात एक मॅडम होत्या, पुण्याकडच्या, एम.डी. करणाऱ्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारात शरीराची राखण करणारी फौजच उलटते आणि नसांवरचं, म्हणजे मज्जातंतूंवरचं, आवरण खरवडून काढते. वायरवरचं प्लास्टिक सोलावं तसं. जिथं सोललं जातं तिथं एमआरआयमध्ये पांढरा डाग दिसतो. पण पांढरे डाग बीपीनं पडतात, वयानं पडतात, मारानं पडतात. मग ओळखायचं कसं?

मॅडम ते शिरांवरून पाहत होत्या. शिरेतल्या रक्तातला प्राणवायू खर्च झालेला असतो, त्यामुळं त्या रक्तात किंचित चुंबकाचा गुण येतो. एका खास पद्धतीनं फोटो घेतला तर बारीकशी शीरही काळ्या रेघेसारखी उमटते. या आजाराचा डाग बहुतेक वेळा अशा एखाद्या शिरेभोवतीच पडतो. पांढऱ्या डागाच्या मधोमध काळी रेघ. दुसऱ्या कारणांच्या डागांत सहसा ती तशी नसते. शिवाय जोराच्या मारानं कधी आत रक्त झिरपलं असेल तर त्याचे काळे ठिपके वर्षानुवर्षं राहतात, तेही याच फोटोत दिसतात. मॅडमना आणखी पुढचं पाहायचं होतं: डागातून जाताना ती शीर बाहेरच्यापेक्षा बारीक होते का, आणि डाग जुना होत जाईल तशी आणखी आकसते का. त्या मला स्क्रीनवर दाखवायच्या. मी मान हलवायचो. सगळं कळायचं असं नाही.

एक दिवस धीर करून अक्काची जुनी फिल्म मी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उजेडावर धरली. बराच वेळ धरली.

"मार कुठं लागला होता?"

"भूकंपात दबली होती, मॅडम."

"ते लिहिलंय इथं. डोक्याला कुठं लागलं होतं? टाके, बेशुद्ध पडणं, काही?"

 वीस-बावीस वर्षं आमच्या घरात ती गोष्ट होती आणि मला एवढं साधं माहीत नव्हतं. बाहेर येऊन मी अक्काला फोन लावला. मागं कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

"अक्का, दबली होतीस तेव्हा डोक्याला कुठं लागलं तुला?"

"आता हे काय काढलंस सैपाकाच्या टायमाला?"

"सांग की."

"डोक्याला न्हाई लागलं. कमरेखाली माती होती सगळी. डोकं मोकळंच व्हतं. एका फटीतून उजेड दिसायचा."

"मग डॉक्टरला सांगितलं का नाहीस?"

"इचारलंच न्हाई कुणी." मग ती म्हणाली, "मी पण न्हाई इचारलं सोताला."

मी मॅडमना हे सांगितलं. म्हणाल्या, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. दणक्यानं आत काही झालंच नसेल असं म्हणता येणार नाही. पण हा आजार असेल तर त्याला रोखणारं औषध आहे, आणि जेवढा उशीर तेवढं परत न येणारं जातं. नसेल तर ते औषध उगाच द्यायचं नाही, ते साधं नाही. विभागाचे मोठे सर म्हणत होते, शंका आहे तोवर थांबू. म्हणजे सगळं शिरांच्या त्या फोटोवर येऊन थांबलं. आणि मॅडमच्या ज्या अभ्यासात तो निघणार होता त्यात कुणाला गुंगी द्यायची नाही असा नियम होता.

अक्का आणि दाजी सकाळच्या गाडीनं नांदेडला आले. मेस त्या दिवशी दाजींच्या भावजयीवर सोपवली होती. मी अक्काचं मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना काढून घेतल्या. जोडवी निघेनात, साबण लावावा लागला. दाजी म्हणाले, "सासरच्या बायकांनी बघितलं तर मला जित्तेपणीच वर पाठवतील." अक्का हसली. मग मी तिचं डोकं साच्यात ठेवून वरून ती जाळी लावली. तोंडावर पिंजरा बसवल्यासारखी असते ती. हातात रबरी फुगा दिला. भीती वाटली तर दाबायचा.

टेबल यंत्राच्या अरुंद नळीत सरकलं, खोलीचं दार लागलं, आणि आवाज सुरू व्हायच्या आतच तिनं फुगा दाबला.

बाहेर काढली तर घामानं भिजलेली. म्हणाली, "दार कशाला लावलंस? दार उघडं ठेव, मग मी पडते."

ते मला करता येत नव्हतं. बाहेरच्या रेडिओ लहरी आत आल्या की फोटोत रेघोट्या येतात, म्हणून त्या खोलीचं दार नीट बंद असावंच लागतं. मी तिला ते समजावून सांगायला लागलो आणि माझं मलाच ऐकवेना. त्या वाक्याचा तिच्यासाठी काय अर्थ होतो ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्यांदा झोपवलं. या वेळी ती थोडा वेळ राहिली, पण मान हलली आणि सगळा फोटो धुरकटला. शिरा तर सोडाच, डागही दिसेनात.

मॅडम म्हणाल्या, "ताई, जबरदस्ती नाही. नको वाटत असेल तर नको."

दाजी एकदम म्हणाले, "चल, घरी जाऊ. एवढं बेजार व्हायचं काय अडलंय?"

अक्का बाकावर बसली होती. जोडवी काढलेल्या बोटांवर पांढरे वळ उठले होते, त्यांच्याकडं बघत होती. मग मला म्हणाली, "भैय्या, दार लावल्यावर तू कुठं असतोस?"

"बाहेर. काचेपलीकडं."

"आत राहता येत न्हाई का कुणाला?"

येतं. नातेवाइकाला बसता येतं, अंगावर लोखंड नसलं आणि कानात बोळे घातले की. रोज मी दुसऱ्यांना हे सांगायचो. तिच्या बाबतीत मला सुचलंच नाही, कारण माझी जागा बाहेर, असं मी धरून चाललो होतो. आमच्या तंत्रज्ञ सरांनी मशीन हातात घेतलं आणि मी पट्टा, घड्याळ काढून आत गेलो.

टेबल आत गेलं तेव्हा बाहेर फक्त तिचे पाय उरले. मी स्टुलावर बसून तिचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. तो गार होता. दार लागलं. इतक्या दिवसांत ते दार मी शेकडो वेळा लावलं असेल, पण आतून कधी ऐकलं नव्हतं. मग ठोकाठोक सुरू झाली. कानात बोळे असूनही ती छातीत लागते. शिरांचा फोटो निघायला वेळ लागतो, आणि शिरा इतक्या बारीक की मान केसभरही हलून चालत नाही. मला बोलता येत नव्हतं. बोललो तरी तिला ऐकू गेलं नसतं. पायाची बोटं मधेच आखडायची. मी घट्ट धरायचो. सैल व्हायची. पुन्हा आखडायची. एकदा ती इतकी आखडली की मला वाटलं, आता फुगा दाबणार. तिनं दाबला नाही.

माझंच उलट झालं. आवाज थांबेना, घाम यायला लागला, काचेपलीकडं सर मान खाली घालून बसलेले, आणि मला वाटलं, यांनी आमच्याकडं पाहिलंच नाही तर? उठून काच वाजवावी असं दोनदा वाटलं. पण पाय सोडला असता तर तिला काय वाटलं असतं? मी बसून राहिलो. ती पलीकडं कशी पडून आहे ते मला दिसत नव्हतं, तिला मी दिसत नव्हतो.

टेबल बाहेर आलं. जाळी काढली तर अक्काच्या कपाळावर तिची खूण उमटली होती.

"काय गिरण हाय का काय ही," ती म्हणाली. "दळून निघाले मी."

"आत काय केलंस?"

"सैपाक केला. कणीक मळली, भाजी फोडणीला टाकली, सगळ्या पोरांचे डबे भरले. दोन डबे राहिलते तेवढ्यात बंद झालं."

दाजी बाहेर दाराशीच उभे होते. तिला पाहून डोळे पुसले आणि लगेच म्हणाले, "राहिलेले दोन डबे कुणाचे गं? मेसचे पैसे थकवलेत त्यांचे असतील."

फोटो स्वच्छ आला होता. पण आला म्हणजे कळला असं नाही. मॅडमच्या अभ्यासात फोटो वाचणाऱ्यांना कुणाचा फोटो आहे ते सांगायचं नसतं. नाव काढून तो दोन वेगळ्या डॉक्टरांकडं जायचा, त्यांतले एक दुसऱ्या गावचे, आणि दोघांचं वाचून झाल्यावर मोठे सर पाहणार. तोवर विचारायचं नाही. मला मॅडमनी समोर बसवून सांगितलं, "तू तो उघडायचा नाहीस. अर्धवट बघून काहीतरी समजून घेशील आणि घरी सांगशील."

त्यांचं बरोबर होतं. पण मी रोज त्याच खुर्चीत बसायचो. ज्या संगणकावर दुसऱ्यांचे गुडघे आणि मणके उघडायचो त्याच्या आतच अक्काचं डोकं होतं. दिवस जात राहिले. दाजींचा फोन यायचा, "काय मेव्हणे, आलं का काही?" मी नाही म्हणायचो. ते म्हणायचे, "पोरांचा निकाल लवकर लागतो की रे यापेक्षा." मग आवाज उतरवून सांगायचे, आज तिच्या हातनं पातेलं सुटलं. आज डावा डोळा चोळायलीय. अक्का स्वतः फोनवर यायची नाही. एकदा आली तर म्हणाली, "तू कशाला झुरायलास? माराचंच असंल. मला काय नवं हाय का त्यात?" मला कळेना, तिला ते तसं असावं असं वाटत होतं की नसावं असं. एवढी वर्षं तिला एक कारण होतं. ते काढून घेतलं तर तिच्याजवळ काय राहणार, असं माझ्या मनात यायचं. लगेच वाटायचं, असा विचार करणारा मी कोण.

पुढं आम्हा विद्यार्थ्यांना आरोग्य शिबिरासाठी किनवटकडं, इस्लापूरला पाठवलं. दिवसभर छातीचे एक्स-रे काढायचे, मुक्काम शाळेत. तिथं फोनला रेंज नव्हती. सहस्रकुंड धबधब्याच्या रस्त्याला एक चढ आहे, तिथं उभं राहिलं की कधी यायची, कधी नाही. मी जेवणाच्या सुट्टीत तिथपर्यंत चालत जायचो आणि फोन वर धरून उभा राहायचो. रस्त्यावरून जाणारी माणसं हसायची. एकजण म्हणाला, "काय सर, काय पकडून राहिले?"

एका दुपारी रेंज आली आणि फोन हातातच थरथरायला लागला. दाजींचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. मी लावला. दाजींनी उचलला. "घे," एवढंच ऐकू आलं.

"भैय्या," अक्का म्हणाली. "मॅडमचा फोन आलता. कालच. तुला लावून लावून दमलो."

"काय म्हणाल्या?"

"थांब, त्यांनी सांगितलं तसंच सांगते. डाग हायेत त्यातल्या बऱ्याच डागांत मधोमध शीर हाय म्हणे. दोघांनी बघितलं, दोघांचं एकच आलं. मोठ्या सरांचं पण. जुनं रक्त सांडल्याचा ठिपका एक पण न्हाई. औषध चालू करायला बोलावलंय, सोमवारी."

मी म्हणालो, "बरं."  रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या आवाजात रेंज गेली असं वाटलं.

"अक्का? आहेस का?"

"हाय की." तिचा श्वास ऐकू येत होता. "भैय्या, मी मॅडमला तीनदा इचारलं. तीनदा एकच म्हणाल्या. ते त्या दिवसाचं नव्हं रे."